‘जर’ गेला, ‘तर’ उरला

“जर-तरच्या गोष्टी सांगू नका,” असे आपण एकमेकांना किती सहज सुनावतो! पुढारी मंडळींना अडचणीचा प्रश्न विचारला, की “जर-तरच्या प्रश्नांना मी उत्तर देत नसतो,” असे म्हणून ती मोकळी होतात. जणू जर-तर हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे आणि शहाण्या माणसाने त्यात पडू नये.

पण वाचकहो, दिवाळीच्या आठवड्यात आपल्याच घरात जरा कान देऊन ऐका. “बोनस वेळेवर झाला तर पडदे बदलू.” “मोहन कमी पडले तर चकली कडक होईल हं.” “ताई येणार असेल तर अनारसे थोडे जास्तच करू.” “डब्याला हात लावलास तर बघ!” एका सकाळीत अशी डझनभर वाक्ये घरात उठतात आणि विरतात. संसारातून ही वाक्ये काढून टाकली तर खर्चाचा अंदाज, पाहुण्यांची सोय आणि मुलांना लागणारा धाक, सारेच एका दमात नाहीसे होईल.

आता याच वाक्यांकडे पुन्हा एकदा पाहा. चारही वाक्यांत ‘तर’ आहे. ‘जर’ एकाही वाक्यात नाही. आपण नाव घेतो जोडीचे, आणि घरात नांदतो मात्र एकटा ‘तर’.

हा केवळ बोलण्यातला आळस असेल, अशी शंका येईल. म्हणून आपल्या म्हणींची साक्ष काढू. गाजराची पुंगी, वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली. असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी. आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटले असते. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? पिढ्यान्‌पिढ्या घासून गुळगुळीत झालेली ही वाक्ये. त्यांत एकही अक्षर फुकटचे उरलेले नाही. ‘जर’ तेवढा घासला गेला. ‘तर’ जागच्या जागी आहे.

शाळेत आपण शिकलो, की ‘जर-तर’ हे संकेतबोधक उभयान्वयी अव्यय आणि ज्या क्रियापदातून अट कळते ते संकेतार्थी. व्याख्या बरोबर आहे. जुने संस्कृत ‘यर्हि-तर्हि’ झिजत झिजत आपल्याकडे ‘जर-तर’ होऊन आले, हेही खरे. पण अटीचे ओझे या दोघांपैकी कोण वाहतो, ते व्याख्येत दिसत नाही. ते पाहण्यासाठी थोडे लांब, थेट तुर्कस्थानापर्यंत जाऊन यावे लागेल. घाबरू नका, वाट ओळखीची आहे. ‘तोफ’, ‘कैची’, ‘चाकू’ हे आपले रोजचे शब्द त्याच वाटेने, तुर्कीतून फारसीच्या हाताला धरून आपल्याकडे आले आहेत.

तुर्की भाषेत अट सांगण्यासाठी क्रियापदाला ‘से’ किंवा ‘सा’ असा एक प्रत्यय लागतो. ‘गेल’ म्हणजे येणे. ‘गेलिर्से’ म्हणजे ‘तो आला तर’. एका शब्दात काम संपले. शेपटाला ‘से’ लावायचे की ‘सा’, हे आधीच्या स्वरावरून ठरते. तुर्की भाषेला स्वरांची संगत फार प्रिय. आता ‘जर’ या अर्थाचा शब्द तुर्कीत नाही असे नाही. ‘एएर’ असा त्याचा साधारण उच्चार. हा मूळचा फारसी ‘अगर’. पण तो वाक्यात ठेवला काय आणि गाळला काय, अर्थाला धक्का लागत नाही. ‘से’ गाळले तर मात्र अटच नाहीशी होते.

मग असला पाहुणा तुर्कांनी ठेवून तरी कशाला घेतला? त्याचे कारण आपल्या ‘जर’च्या कारणासारखेच आहे. तुर्कीतही मराठीसारखे क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. वाक्य लांबलचक असले, तर अट येणार आहे हे ऐकणाऱ्याला फार उशिरा कळते. म्हणून आरंभीच एक घंटा वाजवून ठेवायची, की सावध राहा, पुढे अट आहे. ‘जर’ आणि ‘एएर’ ही अशी घंटा. करारपत्रात, न्यायालयात, लांब वाक्याच्या तोंडाशी तिचा उपयोग आहे. पण “पाऊस आला तर छत्री घे,” एवढ्या वाक्याला घंटा कशाला?

या ‘अगर’ची आपल्याकडची हकिगत तर मोठी मौजेची आहे. तुर्कीत आणि हिंदीत तो ‘जर’च राहिला. मराठीत येऊन त्याने धंदाच बदलला. “आज अगर उद्या या,” “पत्र अगर तार करा,” असे आपले वाडवडील लिहीत. म्हणजे आपल्याकडे ‘अगर’ म्हणजे ‘किंवा’. हे विचित्र वाटेल. पण आपल्या ‘नाहीतर’कडे पाहा. “भात कर, नाहीतर पोळ्या कर.” यात कसली अट उरली आहे? तीही झिजून ‘किंवा’ झाली. अट घालणे आणि पर्याय देणे, ही शेजारशेजारची घरे आहेत.

तुर्की व्याकरणकार या रूपाला नाव देतात तेही ऐकण्याजोगे आहे. ‘दिलेक-शार्त’. यातला ‘शार्त’ म्हणजे आपली अरबी ‘शर्त’. कोकणात ज्यांची थोडीफार जमीन आहे त्यांना सात-बाऱ्यावरची ‘नवीन शर्त’ चांगली ठाऊक असेल. ‘शर्यत’ आणि ‘शर्थ’ ही त्याच घरची मुले. ‘दिलेक’ म्हणजे इच्छा. आपल्या ‘दिला’शी त्याचा संबंध नाही, तो अस्सल तुर्की शब्द. इच्छा आणि अट यांना तुर्कांनी एकाच रूपात बसवले. ‘गेल्से’ म्हणजे ‘तो येता तर’, आणि नुसते सोडून दिले तर ‘येता तर किती बरे होते!’ आपल्याकडेही “आज बाबा असते तर...” एवढेच म्हणून माणूस गप्प बसतो. पुढचे वाक्य कोणी विचारत नाही. तिथे अट संपलेली असते आणि इच्छाच उरलेली असते.

‘तर’चा आणखी एक गुण तुर्की ‘से’शी जुळतो. “सगळे गेले, मी तर घरीच होतो,” या वाक्यात ‘तर’ अटीचा नाही. ‘माझ्यापुरते बोलायचे तर’ एवढाच त्याचा अर्थ. तुर्कीतही त्याच ‘से’चे ‘इसे’ असे रूप नामापुढे येते आणि ‘बेन इसे’ म्हणजे ‘मी तर’ होते. १९७८ साली जॉन हेमन या भाषाशास्त्रज्ञाने तुर्कीसारख्या भाषांचे दाखले देऊन असे मांडले, की अट म्हणजे बोलण्याचा विषय ठरवून घेणे होय. “पाऊस आला तर” म्हणजे ‘पाऊस येण्यापुरते आपण आता बोलू’. आपल्या आज्या “बरं तर,” “हो तर,” म्हणत बोलणे पुढे नेत असत, तेव्हा हेच करीत होत्या.

अट कशाने बांधली जाते हे पाहिले. आता ती किती तऱ्हांची असते, ते पाहू. त्यासाठी लांब जाण्याचे कारण नाही. मालवणच्या धक्क्यावर उभे राहिले की पुरे. समोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग. १६६४ साली शिवाजी महाराजांनी त्याचे बांधकाम सुरू केले. किल्ल्यावर होडीने जावे लागते आणि भर पावसात ही होडी बंद असते. आता तीन वाक्ये घ्या.

“पाऊस आला तर होडी सुटणार नाही.”

“तिकडे पाऊस आला असेल तर होडी सुटली नसेल.”

“पाऊस आला असता तर होडी सुटली नसती.”

पहिल्यात पुढची गोष्ट आहे. दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. दुसऱ्यात गोष्ट घडून गेली आहे, फक्त बोलणाऱ्याला ठाऊक नाही. तिसऱ्यात गोष्ट घडलेली नाही, हे बोलणाऱ्याला पक्के ठाऊक आहे, आणि तरीही तो ती घडल्यासारखी डोळ्यांपुढे आणतो आहे. पहिले दार उघडे, दुसरे लोटलेले, तिसरे कुलूप लावलेले. तुर्कीतही ही तीन दारे आहेत: ‘गेलिर्से’, ‘गेल्दिय्से’ आणि ‘गेल्सेय्दी’. तिन्हींत ‘से’ तेच. दार बदलते ते भोवतीच्या अक्षरांनी. आपल्याकडे ‘तर’ तोच. दार बदलते ते ‘असेल’ आणि ‘असता’ यांनी.

परभाषेतून मराठी शिकणारा माणूस पहिल्याच वाक्यापाशी अडखळतो. “उद्या पाऊस आला तर? अहो, ‘आला’ हा भूतकाळ ना? मग उद्या कसा?” प्रश्न रास्त आहे. इथे ‘आला’ हे रूप काळ दाखवीत नाही. गोष्ट पुरी झाली एवढेच दाखवते. बोलणारा मनाने पावसाच्या पलीकडे जाऊन उभा राहतो आणि मागे वळून म्हणतो, की आला म्हणून धरून चाला, मग काय करायचे? आधी धरून चालायचे, मग ठरवायचे. सगळा शहाणपणा या एका रूपात आहे.

तिसऱ्या दारासाठी आपल्याकडे आणखी जुने, आटोपशीर रूप होते. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली प्रसिद्ध झाले. त्यांनी ‘तो जातो’ हे प्रथम ताख्यात आणि ‘तो जाता’ हे द्वितीय ताख्यात, असा भेद केला आहे. “तो वेळेवर जाता तर गाडी मिळती.” एका मात्रेचा फरक, ‘जातो’ म्हणजे जातोच आहे, ‘जाता’ म्हणजे गेलेला नाही. आज आपण “गेला असता तर मिळाली असती,” असे ऐसपैस बोलतो. जुने रूप बोलण्यातून जवळजवळ उठून गेले. पण वयस्कर माणसांच्या तोंडून “वेळीच सांगतास तर!” असे अजून ऐकू येते, आणि मोठे गोड वाटते.

मालवणच्या धक्क्यावर आहोत, तर इथल्या बोलीचेही ऐकू. मालवणी माणूस म्हणेल, “पावस इलो तर होडी जावची नाय.” आणि तिसऱ्या दाराशी, “पावस इलो नसतो तर होडी गेली असती.” शब्दांचे अंत बदलले, ‘तर’ आपल्या जागी घट्ट आहे. मात्र दक्षिणेला तेरेखोलची खाडी ओलांडून गोव्यात शिरलात, की गंमत होते. तिथली कोंकणी म्हणते, “पावस पडल्यार.” तो ‘तर’ही गेला! ‘झाडार’ म्हणजे झाडावर, तसे ‘पडल्यार’ म्हणजे पडल्यावर. ‘वर’चाच ‘तर’ झाला आणि तुर्की ‘से’सारखा क्रियापदाला चिकटून बसला. याच गोव्यात राशोल येथे १६४० साली फादर स्टीफन्स यांचे कोंकणी व्याकरण छापून निघाले, तेव्हा मराठीचे छापील व्याकरण निघायला अजून शंभराहून अधिक वर्षे होती. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण निघाले ते १८३६ साली.

असा चिकटून बसणारा प्रत्यय आपल्याकडे नाही काय? आहे, पण तो कचेरीत बसतो. “तिकीट नसल्यास दंड होईल.” “रक्कम मुदतीत न भरल्यास व्याज आकारले जाईल.” “रजा मंजूर झाल्यास कळविण्यात येईल.” हा ‘-ल्यास’ म्हणजे आपला ‘से’. मोठा करडा, नेमका आणि थोडक्या जागेत मावणारा. पण त्याच्यात एक उणीव आहे, ती कोणी सहसा सांगत नाही. ‘-ल्यास’ला तिसरे दार उघडता येत नाही. “पाऊस न आल्यास होडी सुटली असती,” असे लिहून पाहा. कान लगेच तक्रार करतील. जे घडायचे राहून गेले, त्याच्याविषयी ‘-ल्यास’ने बोलता येत नाही. कचेरीच्या मराठीला हळहळ ठाऊक नाही. हळहळ हवी असेल तर घरात यावे लागते, ‘असता तर’कडे.

ही तीन दारे केवळ व्याकरणाच्या पुस्तकात नाहीत. सिंधुदुर्गातल्या कोणत्याही गावच्या देवळात जा, तिथे ती उघडतात आणि मिटतात. गावकार देवापुढे उभा राहून गाऱ्हाणे घालतो आणि भोवतालचे लोक “होय महाराजा” म्हणून साथ देतात. त्यात “काय चुकला असात तर” अशा तऱ्हेची क्षमायाचना असतेच. हे दुसरे दार. चूक झाली असेलही, नसेलही. ती आमच्या ध्यानात नाही, तुला ठाऊक, तेव्हा पोटात घाल. “चुकलो” असे म्हटले तर कबुली झाली, “चुकत नाही” म्हटले तर उर्मटपणा झाला. ‘असात तर’ने दोन्ही टाळून माणूस नम्र राहतो. नवस हे पहिले दार: अमुक झाले तर तमुक वाहीन. कौल लावतात तोही पहिल्या दाराशीच. हे काम होणार असेल तर उजवा कौल दे, असे सांगून वाट पाहायची. मालवण तालुक्यातल्या आंगणेवाडीच्या भराडी देवीची यात्रा लाखोंची. पण तिची तारीख पंचांगात छापलेली नसते, ती देवीच्या कौलाने ठरते. तिसऱ्या दाराशी मात्र देवळात कोणी जात नाही. “तू पावला असतास तर...” असे गाऱ्हाणे कोणी घालीत नाही. ते बोलणे माणूस घरी येऊन, दिवा मालवल्यावर, स्वतःशी करतो.

आणि आता ज्या गोष्टीसाठी हा सारा प्रपंच, ती सांगतो. कोकणातले घर म्हटले की त्या घरचे कोणीतरी मुंबईला असायचेच. हा चाकरमानी गणपतीला येतो, शिमग्याला येतो, जमले तर दिवाळीला येतो. १९९८ च्या २६ जानेवारीपासून कोकण रेल्वे सगळ्या मार्गावर धावू लागली आणि वाट सोपी झाली. रजा आणि आरक्षण मात्र सोपे झाले नाही. पूर्वी तो पत्र लिही, आता फोन करतो. वाक्य तेच आहे: “रजा गावली तर येतंय गे आये.”

या वाक्यात लबाडी नाही. दार उघडे आहे आणि ते तसेच तो दाखवतो. आई ते ऐकते आणि माळ्यावरचा मोठा टोप खाली काढते. तांदूळ जास्त भिजतात. शेजारणीला ती सांगते, “झील येतलो.” बघा, ‘तर’ कुठे गेला? मुलाच्या तोंडून आईच्या कानापर्यंत येताना तो वाटेतच गळून पडला. मुलाने अट सांगितली, आईने बातमी ऐकली. तिचे व्याकरण कच्चे आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. ज्याची वाट पाहायची असते, त्याच्या वाक्यातला ‘तर’ माणसाला ऐकूच येत नाही.

पुढे सण होऊन जातो. मग पुन्हा फोन येतो, “रजा गावली असती तर...” वाक्य अर्धेच राहते आणि अर्धेच पुरते. ‘गावली तर’ आणि ‘गावली असती तर’, यांत एका ‘असती’चा फरक. उघड्या दाराचे कुलूपबंद दार झाले, आणि ते त्या तीन अक्षरांच्या शब्दाने झाले. आई “असांदे रे” म्हणते आणि टोप पुन्हा माळ्यावर जातो.

माझे विद्यार्थी विचारतात, संकेतार्थ शिकून उपयोग काय? परीक्षेत दोन गुण मिळतात, हा एक उपयोग आहेच. पण खरा उपयोग वेगळा आहे. ‘आला तर’ हे अर्धे वचन असते. ते देताना तोंडातला ‘तर’ पुसट करू नये. तो ठसठशीत उच्चारावा, म्हणजे वाट पाहणाऱ्याला निदान तो ऐकू येईल. “जमल्यास येईन” असे कचेरीचे मराठी आईशी तर बोलूच नये. आणि शक्य असेल तिथे, पहिले दार उघडे आहे तोवरच, ‘तर’च्या पलीकडचे वाक्य पुरे करून टाकावे. रजेचा अर्ज आज द्यावा, तिकीट आज काढावे, बोलायचे ते आज बोलावे. कारण तिसऱ्या दाराशी उभे राहून माणूस कितीही अचूक मराठी बोलला, तरी ते दार आतून कोणी उघडत नाही.

या दिवाळीला आपल्याही घरी कोणी “जमलं तर येतो” म्हणाले असेल. तेव्हा अनारसे थोडे जास्तच करा. आले तर हवेतच, आणि नाही आले तर शेजारी आहेतच.